मीठ बघा

हळद काढून झाली की वसमतजवळचं आमचं लहानसं शेत मोकळं व्हायचं. ज्यांच्या दारात मांडवाला जागा नाही, त्यांच्या लग्नांना बाबा ते द्यायचे. चर खणून चूल पेटवणारा आचारी दरवर्षी तोच असायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पंगतीआधी तो वरणाची पळी बाबांपुढे धरायचा, "मीठ बघा, मालक." बाबा ओठाला लावून "बराबर" म्हणायचे.

बाबा गेले त्या वर्षी मी मांडव नको म्हणालो. एका मजुराच्या मुलीचं लग्न मात्र त्यांनी आधीच कबूल केलं होतं. आचारी कुदळ घेऊन आला. "शब्द त्यांनी देला व्हता, मास्तर. तुमी काहून मोडून राहिले?"

तो चर खणू लागला.

लग्नाच्या दिवशी त्यानं पळी माझ्यापुढे धरली. बाबांसारखीच ती ओठाला लावून मी म्हणालो, "बराबर आहे."

तो खुदकन हसला. "मीठ अजून टाकलंच न्हाई मी! तुमचे बाबा बी दरसाल असेच फसायचे."

मूठभर मीठ टाकून तो वरण ढवळू लागला, आणि मी पाहुण्यांना पंगतीला बसवायला निघालो.