टोस्टरवरचं जपानी रेगे

२०१७च्या हिवाळ्यात मी कॅनडात, हॅलिफॅक्समधल्या एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात कामाला होतो. त्याआधी चौदा वर्षं कोल्हापुरात एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर, बातम्या तपासण्या-कापण्याच्या कामाला होतो. बायकोला इथल्या विद्यापीठात संशोधनाची जागा मिळाली आणि तिच्यामागून मी आलो. आठ महिने झाल्यावर जुन्या संपादकांचा फोन आला. डेस्कप्रमुखाची खुर्ची रिकामी होते आहे, शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळव.

बायकोचं कंत्राट नुकतंच दोन वर्षांनी वाढलं होतं. तिला विचारलं, तर म्हणाली, "तुझं तू ठरव. मी थांब म्हटलं, तर पुढे पडणाऱ्या प्रत्येक बर्फाला तू मला जबाबदार धरशील."

त्या आठवड्यात मला एका जागी बसवत नव्हतं. कामावर जाताना सकाळच्या फेरीबोटीत बाकं रिकामी असायची, तरी मी उभा राहायचो. वरच्या डेकवर जायचो, गारठून खाली यायचो, परत वर. फोनवर आमच्या पेपरच्या मथळ्यांतल्या चुका शोधायचो. सापडली की बरं वाटायचं. पाच मिनिटांनी ते बरं वाटणंही जायचं.

स्वयंपाकघरात नाश्त्याचे ट्रे सरकत्या पट्ट्यावरून जायचे. प्रत्येक ट्रेवर रुग्णाचं कार्ड. कार्ड वाचून एकाने लापशी ठेवायची, दुसऱ्याने फळ, तिसऱ्याने चहा. पट्ट्याच्या शेवटी तपासनीस. मी भरभर वाचतो म्हणून ते काम माझ्याकडे आलं होतं.

टोस्टरवर ओसाकाची एक बाई होती, पन्नाशीची. टोस्टरच्या वरच्या फळीवर तिचा छोटा स्पीकर असायचा आणि त्यातून जपानी रेगे, म्हणजे मूळचं जमैकाचं संगीत, जपानीत गायलेलं. तोवर असं काही असतं हे मला ठाऊक नव्हतं. गिटार ठोक्यावर न वाजता दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत वाजायची, खाली जाड बास, मध्येच ट्रम्पेट, आणि एखादा पुरुष समुद्रावर मित्रांना हाका माराव्यात तसा गायचा. पट्ट्यावर आम्ही सहा जण. तिच्याशिवाय कुणालाही जपानी येत नव्हतं. तरी स्पीकरची बॅटरी संपली की चहावाली बाई ओरडायची, "कुणीतरी त्या माणसाला चार्ज करा!"

याचं कारण मी शोधलं, सवयीने. ट्रे आला की हात थांबतो, डोळे कार्ड वाचतात, मग हात चालतो. ते थांबणं एरवी खटकायचं. या संगीतात मात्र थांबण्याला जागा होती.

भांडी धुणारे म्हातारे गृहस्थ जमैकाचे होते. त्यांचं मत विचारलं. "आमच्याकडे यात रागही असतो," ते म्हणाले. "यांनी राग काढून ऊन भरलंय." मान मात्र त्यांचीही हलत होती.

स्पीकरवर रोज लागणाऱ्या एका गाण्याचे बोल मी एका जुन्या मेनूच्या मागे देवनागरीत उतरवून घेतले होते. शुक्रवारी सकाळी, पट्टा सुरू व्हायच्या आधी, ते ओसाकावालीला वाचून दाखवले. तिने दोन्ही हात तोंडावर धरले. "तू तर माझ्या काकासारखा बोलतोस!"

"अर्थ सांग."

"अर्थ? आज पडलास तर पडलास. उद्या चांगलं होईल. चल."

"एवढंच?"

"पुढे पुन्हा तेच आहे."

"उद्या चांगलं होईल, हे कशाच्या आधारावर?"

ती मोठ्याने हसली आणि तिने सगळ्यांना सांगितलं, "हा गाण्याकडे पुरावा मागतोय!" चहावाली म्हणाली, "त्याला चहा द्या, पण चहाचा पुरावाही द्या."

मी हसलो, पण आतून चिडलो होतो. डेस्कवर मी असं वाक्य क्षणभरही ठेवलं नसतं. 'आशेचा किरण' हा शब्दप्रयोग मी चौदा वर्षं दिसेल तिथे कापला होता.

पट्टा सुरू झाला. आठच्या सुमारास चौथ्या मजल्याचं एक कार्ड आलं. सगळं अन्न बारीक वाटलेलं, पेयं घट्ट केलेली, म्हणजे रुग्णाला नीट गिळता येत नाही. त्याच कार्डाच्या तळाशी: टोस्ट, अर्धा, लोणी लावून. ट्रेवर टोस्ट होताही. दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नव्हत्या. शंका आली की पट्टा थांबवून आहार विभागाला फोन करायचा, असा नियम होता. मी फोन केला नाही. विसंगत मजकूर काढायचा असतो. मी टोस्ट काढला आणि ट्रे पुढे ढकलला.

वीस मिनिटांनी आहारतज्ज्ञ बाई जिन्याने धावत खाली आल्या. "चौथ्या मजल्याचा टोस्ट कुठे आहे?"

"मी काढला. कार्डात चूक होती."

"चूक नव्हती." त्यांनी आवाज चढवला नाही. त्या रुग्णबाईंना पक्षाघात झाला होता. पाच आठवड्यांनंतर आज पहिल्यांदा न वाटलेला घास द्यायचा होता, गिळणं शिकवणारी थेरपिस्ट शेजारी बसवून. रुग्णबाई सकाळपासून केस विंचरून ताठ बसल्या होत्या. थेरपिस्ट आणखी दहा मिनिटं थांबणार होती, मग पुढच्या वॉर्डात.

ओसाकावालीने आधीच ब्रेड टोस्टरमध्ये टाकला होता. लोणी लावताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "गाण्यातलं 'उद्या चांगलं होईल' हेही तू असंच काढलं असतंस." मग बशी माझ्या हातात दिली. "तूच ने."

लिफ्ट येईना. चार मजले चढलो. आम्हाला खोलीत जायची परवानगी नव्हती, म्हणून दारातच बशी दिली. पडदा अर्धा उघडा होता. विंचरलेले पांढरे केस दिसले, आणि चादरीवरचा एक हात, जो बशी दिसताच उचलला गेला. थेरपिस्टने पडदा ओढला.

त्यांनी तो टोस्ट खाल्ला की नाही, हे मला माहीत नाही. सोमवारी त्या खोलीच्या कार्डावर दुसरं नाव होतं. कुठे हलवलं, ते स्वयंपाकघराला कळवत नाहीत.

पण ते सोमवारी. शुक्रवारी पावणेदहाच्या ब्रेकमध्ये मी मागच्या दारात उभा राहिलो, मग पार्किंगपर्यंत चालत गेलो, परत आलो. कोल्हापुरात सव्वासात वाजले होते, डेस्कवर सर्वांत घाईची वेळ. मी फोन लावला.

"बोल," संपादक म्हणाले. मागे कुणीतरी पहिल्या पानासाठी ओरडत होतं. तो आवाज नीट ऐकू यावा म्हणून मी फोन कानाशी दाबला. "कधी येतोयस?"

"येत नाही, साहेब."

"आं? तिकडं काय मोठी नोकरी लागली काय?"

"नाही. ट्रे तपासतो."

"मग? पुढं काही ठरलंय?"

"काही नाही. होईल चांगलं, असं वाटतंय."

"चौदा वर्षं माझ्या हाताखाली काढलीस की रे भावा," ते म्हणाले. "आधार काय याला?"

"आधार नाही."

"मग हे छापता येत नाही."

"नका छापू," मी म्हणालो. आत ब्रेक संपल्याची घंटा झाली होती आणि कुणीतरी स्पीकर चालू केला होता.