काढलेल्या दोन कड्या

माझ्या पहिल्या नोकरीची ऑर्डर आली तेव्हा पेढे वाटायचे सोडून घरात सगळे काळजीत पडले. शाळा माळावरच्या वस्तीत, आमच्या गावापासून दोन कोस, आणि शेवटचा चढ असा की रिकामी बैलगाडीसुद्धा दम खात वर जायची. नवरा पुण्याला कारखान्यात. लेक दहा महिन्यांची, अंगावर पिणारी. रोज पायी जायचं तर तिचे हाल, तिकडेच खोली घ्यायची तर ती फक्त रविवारी दिसणार. सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ती नोकरी. पोर मोठी होऊ दे आदी." जणू तोवर नोकरी माझी वाट बघत बसणार होती!

तोडगा माझ्या आईने काढला. ती नगरच्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. तिथल्या एक परदेशी नर्सबाई मायदेशी परत जाताना आपली गिअरची सायकल तिला देऊन गेल्या होत्या. मागच्या चाकाला लहान-मोठी पाच दातेरी चक्रं होती. पुढची छोटी दांडी ओढली की चेन एकावरून दुसऱ्यावर जायची, आणि सगळ्यात मोठ्या चक्रावर आली की कसलाही चढ हलका वाटायचा. माहेरी मी ती चालवली होती. आईने सायकल एसटीच्या टपावर टाकून पाठवली आणि माझा जीव भांड्यात पडला.

सोमवारी हजर व्हायचं होतं. रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेहून आल्यावर मी सायकल बाहेर काढली, तर चौथ्या चक्रापर्यंत सगळं ठीक. पाचव्यावर चेन चढायला लागली की पॅडल जागच्या जागी अडकायचं. म्हणजे नेमका चढाचाच गिअर गेलेला. मी एसटीला, टपाला, सायकल आपटणाऱ्या हमालाला मोठमोठ्याने बोल लावायला सुरुवात केली. माझा स्वभाव तेव्हाही असाच, आधी तोंड सुटायचं.

सासरे गोठ्याच्या दारात उभे राहून ऐकत होते. मी त्यांना मामा म्हणायचे.

"हमालानं काय केलं न्हाई," ते म्हणाले. "चेन लई ढिली हुती. निस्ती लोंबत हुती मागं. मीच काल दोन कड्या काढल्या."

आमच्याकडे सायकलची परीक्षा एकच, चेन ताठ आहे का. ढिली चेन उतरते आणि माणूस तोंडावर आपटतो, हे शेंबडं पोरही सांगेल. सून पडू नये म्हणून मामांनी ती ताठ केली होती. गिअरच्या सायकलला मात्र ती ढीलच लागते. मोठ्या चक्राला वेढा घालायला चेन पुरायला नको?

"मामा, मला विचारायचं तरी!" मी ओरडले. सुनेने सासऱ्यावर ओरडायचे ते दिवस नव्हते. सासूबाई परात हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"मग बसवू की परत," मामा शांतपणे म्हणाले. "कड्या हायेत माझ्यापाशी."

"आज रविवार हाय," सासूबाई म्हणाल्या. आमच्या घरात रविवारी खुरपंसुद्धा हलत नसे.

"आन् बैल हिरीत पडला तर सोमवारपत्तुर थांबशील व्हय?"

शुभवर्तमानातला येशूचा दाखलाच मामांनी दिला होता; सासूबाई परात घेऊन आत गेल्या. आमच्या चर्चचे पाळकसाहेब शेजारीच राहायचे, त्यांना ठोकाठोक ऐकू जाऊ नये म्हणून मामांनी दगडावर पोतं घातलं आणि त्यावर लोखंडाचा तुकडा ठेवून, खिळ्याने हळूहळू ठोकत कड्या जोडल्या. मग सायकल उलटी केली. मी हाताने पॅडल फिरवायचे आणि ते डोळे बारीक करून मागे बघायचे. आता चेन पाचव्यावर चढली, पण थांबलीच नाही, पलीकडे स्पोकमध्ये जाऊन पडली. तिला अडवणारा एक छोटा स्क्रू असतो. मी तो पिळला तर चेन चढेना, सोडला तर पुन्हा पडायची.

"लई पिळलास."

"तुम्हीच म्हणालात पीळ!"

"जरासा म्हनलो हुतो. जरासा!"

असं एकमेकांवर खेकसत आम्ही दुपार घालवली. शेवटी एकदा दांडी ओढली आणि चेन टक्कन पाचव्यावर बसली, तिथेच गरगरत राहिली. मी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. मामांनी हात पुसले आणि ते बैलांकडे गेले.

सोमवारी पहाटे लेकीला पाजलं, पदर खोचला आणि निघाले. चढाच्या पायथ्याशी दांडी ओढली. चेन चढली. सायकल इतकी हळू चालली होती की एखादी कोंबडीसुद्धा पुढे गेली असती, पण मला उतरावं लागलं नाही. माथ्यावर पोचले, पाय टेकला आणि मागे वळून पाहिलं. खाली, चढ सुरू होतो तिथे आमची बैलगाडी उभी होती. मामांचं त्या बाजूला काहीच काम नव्हतं. मी हात हलवला. त्यांनी बैल वळवले आणि गाडी घराकडे घेतली.

सकाळची शाळा होती, त्यामुळे दुपारी मी घरी होते. लेक भुकेने झटून पीत होती. सासूबाई शेजारी येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "सायकल न्हाई चढली तर रोज गाडीनं न्हेईन आन् आनीन, पन सुनंची नोकरी सोडायची न्हाई, असं मामा म्हनले मला."