मॅडमची पर्स

पालघर स्टँडवर सातपाटीची एसटी लागली, की सुक्या बोंबलांचा वास येतो आणि कॉलेजात माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण आठवते. ती त्याच एसटीने यायची. आमचा दोघींचा विषय मानसशास्त्र. त्या दुपारी मॅडम गुन्हा आणि साक्षीदार यांवर शिकवत होत्या, खिडकीतून खारा वारा येत होता आणि अर्धा वर्ग पेंगत होता. एवढ्यात एक अनोळखी माणूस आत घुसला आणि टेबलावरची मॅडमची पर्स उचलून पळाला. आम्ही जागच्या जागी थिजलो. मॅडम मात्र शांतपणे म्हणाल्या, "आता चोराचं वर्णन लिहा." तो प्रयोग होता! कुणी चोराला मिशा लावल्या, कुणी चष्मा. माझ्या शेजारची जागा मात्र रिकामी होती; मॅडमचं बोलणं ऐकायला ती थांबलीच नव्हती. आम्ही खाली धावलो, तर फाटकापाशी तिने चोराला मातीत लोळवून त्याची कॉलर धरली होती. "सोड गं, माझे मिस्टर आहेत ते!" मॅडम ओरडल्या. "मग आदी सांगायचा ना, मॅडम! मला वाटला, खराच चोर हाय," म्हणताना तिला रडू फुटलं. मिस्टर फाटका खिसा धरून हसत उठले. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्या पदराने तिच्या खरचटलेल्या कोपराची माती पुसत राहिल्या. आता मीही हाच विषय शिकवते, पण तो प्रयोग कधी केला नाही. माझ्या पर्समागे कोणी धावेल का, हे जाणून घ्यायची भीती वाटते.