भाद्रपदातली धुरी

एक समई चिंच-राखेने लख्ख झाली होती, दुसरी अजून काळीच होती, तोच रखमाला राहीबाईच्या घरून हाक आली. तिने राखेचे हात धुतले आणि तशीच निघाली.

पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या त्या वाडीत तान्हं बाळ कोणाचंही असो, न्हाऊमाखू घालायला रखमाच लागायची. न्हाणं झालं की निखाऱ्यांवर ओवा आणि लसणीची सालं टाकून धुरी द्यायची, ही तिच्या सासूने घालून दिलेली रीत. सर्दी झालेल्या बाळाला तर दोन वेळा.

राहीबाईचा नातू ओम चार महिन्यांचा. मुलगा साहिल आणि सून समीक्षा त्याला घेऊन गणपतीला मुंबईहून आली होती. साहिल आला तोच खोकत. पहिल्या गणपतीचं बाळ म्हणून सगळ्या वाडीने ओमला मांडीवर घेतलं होतं.

"रखमाकाकू, याची छाती घरघरतेय. दूधच ओढत नाही," समीक्षा म्हणाली.

शेगडी फुलवून तयार होती. राहीबाई म्हणाली, "आज धुरी जरा दमदार दे गो. दुपारी हिचा ओवसा हाय."

यंदा गौरी पूर्वा नक्षत्रावर आल्या होत्या. तशा आल्या तरच नव्या सुनेने सुपांत वाण भरून गौर ओवसायची, सुपं तिच्यापुढे धरायची. लग्नाला तीन वर्षं झाली, तेव्हा कुठे समीक्षाच्या वाट्याला हा दिवस आला होता. माहेरची सुपं कोपऱ्यात रचलेली होती.

रखमाने झबलं वर केलं. श्वासागणिक बाळाच्या फासळ्यांखाली खड्डा पडत होता, नाकपुड्या फुलत होत्या. तिला गेल्या भाद्रपदातलं दुसरं एक बाळ आठवलं. त्याच्यासोबत ती महाडला गेली होती, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पाऊस ओसरायला लागला की हा विषाणू दर वर्षी घरोघर फिरतो. मोठ्यांना नुसती सर्दी होते, तान्ह्यांच्या मात्र छातीत उतरतो. धूर अजिबात देऊ नका."

रखमाने शेगडी उचलून अंगणात नेऊन ठेवली.

"अगो, खुळी झालीस काय? नजर लागलीय पोराला. एवढी माणसं बघून गेली."

"बघून गेली त्याचं काय नाय, वयनी. मुके घेऊन गेली. आणि हा तुझा लेक, खोकत खोकत सगळ्यांच्या पुढे."

साहिल ओशाळून म्हणाला, "काकू, टेन्शन नको घेऊस. ओवसा झाला की महाडला दवाखान्यात नेतो."

"दुपारपर्यंत याला दम निघायचा नाय. रिक्षा बोलाव."

समीक्षाने सुपांकडे पाहिलं, मग सासूकडे. गौरीला पाठ दाखवून घराबाहेर पडायचं कसं, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

रखमा राहीबाईच्या शेजारी टेकली. "वयनी, गौर माहेराला येते. आपल्या लेकीचं पोर आजारी असतं, तर तिला सूप धरून बसवलं असतंस?"

राहीबाईने पदर तोंडाला लावला. जरा वेळाने उठली, सुपं उचलून गौरीपुढे मांडली आणि हात जोडले. "आई, हिची सुपं तुझ्यापाशी ठेवली. ती बाळाला घेऊन चाललीय." मग सुनेला म्हणाली, "जा गो, निघ. दुपटं घे."

संध्याकाळी आरतीच्या आधी महाडहून साहिलचा फोन आला. बाळाला प्राणवायू लावला होता, आता श्वास जरा मोकळा झाला होता, थोडं दूधही प्यायलं होतं. दोन दिवस ठेवून घेणार होते.

"ओवसा राहिला गो तिचा," राहीबाई म्हणाली. तरी फोन तिने छातीशी धरूनच ठेवला होता.

"पूर्वा पुन्हा येईल," रखमा म्हणाली.

अंगणातली शेगडी कधीच विझली होती. घरी काळी समई तिची वाट पाहत होती, पण रखमा त्या वाटेला वळली नाही. वाडीतल्याच मालोजीच्या रेश्माची दोन महिन्यांची मुलगी आज रात्री जागरणाला येणाऱ्या पाहुण्यांच्या मांडीवर फिरायची होती. आधी तिथे जाऊन तिला आतल्या खोलीत ठेवायला सांगायचं होतं.