सतीश भालेराव अँड्रॉइड सोडतो की नाही

राहू गावात सतीश भालेरावला फोन लावला की पहिली चार-पाच सेकंदं आपण बोलायचं नसतं. सुरुवात तो करतो. "सतीश भालेराव बोलतोय, पंप हाऊसवरनं. वार मंगळवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. हां, बोला." इतक्या गंभीरपणे वेळ सांगणारा माणूस मी रेडिओवरही ऐकलेला नाही. नवख्या माणसाला वाटतं, आपण चुकून एखाद्या चौकशी खिडकीला फोन लावला. गावाला मात्र सवय झाली आहे. सतीशच्या फोनमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होतो, हे गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि म्हणून त्याच्याशी बोलताना भले भले शब्द मोजून वापरतात.

सतीश आमच्या उपसा जलसिंचन संस्थेचा पंप ऑपरेटर. मुळा-मुठेचं पाणी मोटरीनं वरच्या चेंबरमध्ये चढवायचं आणि तिथून व्हॉल्व्ह फिरवून ज्याची पाळी असेल त्याच्या शेताकडे सोडायचं, हे त्याचं काम. मी संस्थेचा सचिव. येत्या मे महिन्यात निवृत्त होईन. चोवीस वर्षं आम्ही एकत्र काम केलं आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल चार गोष्टी मी खात्रीनं लिहू शकतो.

रेकॉर्डिंगचं हे वेड मुळात वेड नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी संपतरावांनी त्याला फोन करून सांगितलं होतं, की उद्याची माझी पाळी पुढच्याला दे. सतीशनं दिली. दोन दिवसांनी संपतराव ऑफिसात आले आणि म्हणाले, मी असं बोललोच नाही, या माणसानं माझं पाणी परस्पर दुसऱ्याला विकलं. संपतराव म्हणजे तेवीस एकर ऊस, आणि संस्थेच्या निवडणुकीत निम्मं पॅनेल त्यांच्या शब्दावर. सतीश म्हणजे बुद्धविहाराशेजारच्या दोन खोल्या आणि एक सायकल. कोणाचं खरं धरलं गेलं हे सांगायला नको. आठ दिवस त्याला कामावरून बंद केलं. ती नोटीस मीच टाइप केली होती. टाइप करताना मला पटत नव्हतं, पण मी टाइप केली.

नवव्या दिवशी सतीश कामावर आला तो हातात नवा अँड्रॉइड फोन घेऊन. त्यात कॉल रेकॉर्डिंग चालू होतं. ते आजतागायत बंद झालेलं नाही.

पुढं या सवयीनं मुळं धरली. कार्यकारी मंडळाच्या सभेत पाण्याचा वाद निघाला की अध्यक्ष सोपानराव, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते चहा सांगायचे आणि म्हणायचे, "सतीश, लाव." मग सतीश टेबलाच्या मधोमध फोन ठेवायचा. रेकॉर्डिंग संपेपर्यंत चहा आलेला असायचा आणि वादही मिटलेला असायचा. अकरा वर्षांत त्यानं लावलेलं एकही रेकॉर्डिंग उलटं पडलं नाही. त्याची मांडणीही मला आवडायची. प्रत्येक शेतकऱ्याच्या नावाचं वेगळं फोल्डर, त्यात वर्षवार आणि महिनावार फायली. माझ्या हाताखालच्या दोन पदवीधर कारकुनांना मी हे कधी शिकवू शकलो नाही.

घरी मात्र या कलेची कदर नव्हती. एकदा त्याच्या बायकोनं, राजश्रीवहिनींनी, फोनवर हरभऱ्याची डाळ सांगितली आणि सतीशनं तीच आणली. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, मी तूरडाळ सांगितली होती. सतीशनं शांतपणे रेकॉर्डिंग लावलं. तो खटला जिंकला. त्यानंतर आठवडाभर दोन्ही वेळेला त्याला हरभऱ्याच्या डाळीचीच आमटी मिळाली. "संसार हाय का कोर्ट?" एवढंच वहिनी म्हणाल्या.

आता गौतमीबद्दल. ही त्याची एकुलती एक मुलगी. रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरीला आहे, आणि कारेगावात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. दर रविवारी राहूला येते. जानेवारीतल्या एका रविवारी ती आली आणि तिनं वडिलांच्या हातात आयफोन ठेवला. तिनं स्वतःसाठी नवीन घेतला होता. हा आधीचा, दोन वर्षं वापरलेला, पण एक ओरखडा नसलेला.

"मला कशाला? माझा हाय की," सतीश म्हणाला.

"तुमचा हाय? पप्पा, मला बेस्ट एम्प्लॉयीचं सर्टिफिकेट मिळालं त्याचा फोटो पाठवला तुम्हाला. महिना झाला. उघडला?"

"उतरंना त्यो. जागा न्हाई म्हणतंय."

"कशी असंल? माझा एक फोटो मावत न्हाई, आन् संपत आप्पांच्या शिव्या मातूर अकरा वर्षांच्या जपून ठेवल्यात!"

राजश्रीवहिनी आतून म्हणाल्या, "हरभऱ्याची डाळ बी आसंल त्यातच."

शेवटी ठरलं असं, की आठ दिवस आयफोन वापरून बघायचा. पुढच्या रविवारी नाही पटलं तर गौतमी तो परत घेऊन जाईल आणि पुन्हा कधी विषय काढणार नाही. हे शेवटचं वाक्य तिनं ज्या आवाजात म्हटलं, त्यानं सतीश घाबरला. मुलगी रागावली तर तिचा राग निवतो, पण ती विषय सोडून देते तेव्हा काही खरं नसतं, असं तो मला दुसऱ्या दिवशी म्हणाला.

मी त्याला माझी नेहमीची पद्धत सांगितली. कागदाच्या मधोमध रेघ मारायची, डावीकडे अँड्रॉइडच्या बाजूचे मुद्दे, उजवीकडे आयफोनच्या. दुपारी त्यानं कागद दाखवला. डावीकडे नऊ मुद्दे होते. रेकॉर्डिंग आपोआप होतं. समोरच्याला कळत नाही. मोटर चालू-बंद करण्याचं मोबाइल अ‍ॅप याच फोनात आहे. चार्जर गावात कुणाकडंही मिळतो. असं बरंच काही. उजवीकडे एकच शब्द होता, गौतमी.

मोटरच्या अ‍ॅपचं कोडं सोपं निघालं, ते आयफोनवरही मिळालं. खरी अडचण रेकॉर्डिंगची. गौतमीनं रविवारी निघतानाच समजावलं होतं, की आयफोनमध्येही आता कॉल रेकॉर्ड होतो, पण दर वेळी बटण दाबावं लागतं, आणि दाबलं की दोन्हीकडं सूचना ऐकू येते. सूचना म्हणजे काय, हे सतीशच्या तेव्हा लक्षात आलं नाही. ते सोमवारी सकाळी आलं.

सिंधूबाई आमच्या सभासद, चार एकर ऊस एकटीनं बघतात. पाणी कमी दाबानं येतंय म्हणून त्यांचा फोन आला. सतीशनं वार-वेळ सांगितली आणि बटण दाबलं. एक बाई स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, दिस कॉल विल बी रेकॉर्डेड. सिंधूबाईंनी फोन कट केला. अर्ध्या तासात त्या स्कूटीवरून पंप हाऊसवर हजर. आत डोकावल्या, मोटरीच्या मागं बघितलं, स्टार्टरच्या पेटीकडं बघितलं.

"कुठं हाय ती?"

"कोण, काकी?"

"इंग्लिश बोलणारी. राजश्रीला ठावं हाय का?"

सतीशनं फोन दाखवून सगळं समजावलं. सिंधूबाईंनी विचार केला. "आन् पयल्या फोनात न्हवती व्हय ही?"

"न्हाई. त्यो गुपचूप करायचा."

"मग त्योच बरा व्हता बाबा. हितं म्हंजी आधी सांगून खिशात हात घालायचा."

त्या दिवसात आणखी तिघांनी ती सूचना ऐकून फोन ठेवले आणि स्वतः येऊन निरोप दिला. पंप हाऊससमोर मोटरसायकली लागल्या. लोक अकरा वर्षं रेकॉर्ड होत होते ते चाललं, पण आपण रेकॉर्ड होतोय हे कानात कोणी सांगितलेलं कुणाला चाललं नाही. संध्याकाळी सतीशनं बटण दाबणं सोडून दिलं. वार आणि वेळ मात्र तो सांगतच राहिला. कोणासाठी, हे विचारायचं मी टाळलं.

मंगळवारी सकाळी संपतरावांचा फोन आला. उसाला तोड मिळाली आहे, तोडणीची टोळी येतेय, रान ओलं नको, तर उद्याची पाळी पुढच्याला दे. पुढची पाळी सिंधूबाईंची होती. बुधवारी त्यांच्या उसाला पाणी गेलं. आणि टोळी आलीच नाही, ती तिकडं निमोण्याला गेली. संपतरावांचा ऊस वाळत उभा राहिला, आणि शुक्रवारी ते माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"सतीशनं माझं पाणी सिंधूला दिलं. मी काय बोललो न्हाई, मला काय इचारलं न्हाई."

तेच वाक्य, अकरा वर्षांनंतर. मी ऑफिसात आलेल्या सतीशकडं बघितलं. संपतराव गेल्यावर तो एवढंच म्हणाला, "साहेब, आठ दिवसांची हौस. त्यात बरोबर हेच घडायचं व्हतं." मग जुना फोन ड्रॉवरमधून काढून त्यानं चार्जिंगला लावला. रविवारी तो गौतमीला काय सांगणार, ते मला त्या चार्जरकडे बघूनच कळलं.

शनिवारी अकरा वाजता सभा भरली. सोपानरावांनी दोन्ही बाजू ऐकल्या, चहा सांगितला आणि सवयीनं म्हणाले, "सतीश, लाव."

सतीश उभा राहिला. "न्हाई आबा. ह्या बारीला रेकॉर्डिंग न्हाई."

कुणीतरी विचारलं, "म्हंजी? बंद पडलं?"

"फोन बदललाय. पोरीनं आयफोन दिलाय. त्यात गुपचूप होत न्हाई."

संपतराव खुर्चीत सैलावून बसले. "झालं तर मग. पुरावा न्हाई. आता आबा, तुम्हीच काय ते बघा."

सतीश बसला नाही. त्यानं संपतरावांच्या सदऱ्याच्या खिशाकडं बघितलं. "आप्पा, तुमचा फोन कंचा हाय?"

"माझा साधा हाय. मी काय तुझ्यावानी आयफोनवाला न्हाई."

"साधा म्हंजी अँड्रॉइड. दिवाळीत तुमच्या विश्वजीतनं घेऊन दिला त्यो. न्हवं का?"

"मग?"

"मग चौकात तुम्हीच सांगत व्हता की. पोराला म्हणलं, सगळ्यात आधी रेकॉर्डिंग चालू करून दे, आता सतीशला त्याच्याच वाटंनं जाऊन दावतो. दहा माणसं व्हती ऐकायला. मी बी व्हतो."

आधी कोण हसलं ते आठवत नाही, पण नंतर सगळेच हसले. संपतरावांचा हात नकळत खिशावर गेला. सोपानराव हसता हसता म्हणाले, "आप्पा, काढा भायेर."

"मला ते लावता येत न्हाई."

"मी देतो की लावून," सतीश म्हणाला. अकरा वर्षांचा अनुभव होता त्याला. त्यानं दोन्ही हातांनी, अगदी अदबीनं, संपतरावांचा फोन घेतला. फोल्डर उघडायला त्याला पाच सेकंदं लागली नाहीत.

टेबलावरून सतीशचाच आवाज आला, वार मंगळवार, सकाळचे सात वाजून वीस मिनिटं. मग मागं एक गाय हंबरली, आणि संपतराव म्हणाले, "आरं सतीश, टोळी येतीय. उद्याची पाळी पुढं दे सिंधूला. रान वलं नको मला."

गाईलाच सगळ्यात जास्त हशा मिळाला. संपतराव म्हणाले, "बोललो आसंल. टोळी आली न्हाई, त्याला मी काय करू? ऊस वाळतोय माझा." हे खरंही होतं. सतीशनंच सुचवलं, की सोमवारी मोटर दोन तास लवकर चालू करतो, पहिलं पाणी आप्पांना देऊ. ते मंजूर झालं. चहा थंड झाला होता, म्हणून पुन्हा सांगितला.

सभा संपल्यावर सतीश माझ्या टेबलाशी रेंगाळला. "साहेब, आप्पांच्या फोनात नसतं तर?"

मी म्हणालो, "तर या खेपेला नोटीस मी टाइप केली नसती. आबांना मी कालच तसं सांगून ठेवलंय."

त्यानं माझ्याकडं टक लावून बघितलं. "हे वाक्य रेकॉर्ड करायला पायजे व्हतं."

"बटण दाबायचं होतंस."

"फोनवर बोलला असता तर दाबलं असतं."

रविवारी मी मुद्दाम त्याच्या घरी चहाला गेलो. गौतमी बॅग भरून निघायच्या तयारीत होती. आठ दिवसांचा विषय तिनं काढला नव्हता, आणि वहिनी दोघांकडं आळीपाळीनं बघत होत्या. शेवटी सतीशच म्हणाला, "राहू दे हितंच. हाच वापरतो."

"आन् रेकॉर्डिंग?"

"त्याची काळजी आता मला न्हाई. अख्ख्या गावाकडं अँड्रॉइड हाय, आन् सगळ्यांनी माझं बघून रेकॉर्डिंग चालू केलंय. मी एकट्यानं न्हाई केलं तर काय बिघडतंय?"

गौतमीनं बॅग खाली ठेवली आणि सातची एसटी चुकली तरी चालेल अशा बेतानं पुन्हा बसली.

तेवढ्यात फोन वाजला. संपतराव. सतीशनं स्पीकर लावला आणि तोंड उघडणार, तोवर पलीकडून धीम्या आवाजात, जपून टाकलेल्या शब्दांत सुरू झालं. "मी संपत बोलतोय. वार रविवार. सांजचे साडेपाच वाजलेत. उद्याच्या सोमवारी पयलं पाणी माझ्या वढ्याकडच्या रानाला सोडायचं. वढ्याकडच्या. घराम्होरल्या न्हाई. ऐकलं का?"

"व्हय आप्पा," सतीश म्हणाला. "बरोबर हाय. तुमच्याकडं राहू द्या."