मावशीचे गुलाबी गाल

पंडरी बाजारातल्या औषधाच्या दुकानातून विचारून आणलेलं मलम मी दोन महिने लावलं. नाकावरून दोन्ही गालांवर पसरलेली लाली त्यानं दबायची आणि उन्हात गेलं की परत यायची. शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आधी मलम बंद करायला लावलं आणि मग चेहरा सोडून भलतंच विचारलं. सकाळी बोटं आखडतात का? तोंडात फोड येतात का? घरात आणखी कोणाला असं आहे का? मला जरा रागच आला. नाही, म्हटलं, घरात कोणाला नाही.

रक्त-लघवी तपासल्यावर कळलं की आजार चेहऱ्याचा नव्हताच. ल्यूपस होता, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते. आता रोज गोळी घेते, त्या गोळीमुळे वर्षातून एकदा डोळे तपासून घेते, उन्हात स्कार्फ बांधते. तेलीबांध्याच्या सिग्नलवर स्कूटरवरच्या निम्म्या बाया तशाच असतात, त्यामुळे कोणी काही विचारत नाही.

मावशी मात्र नंतर आठवली. लग्नाआधी ती आमच्याकडेच राहायची. तिच्या गुलाबी गालांचं सगळे कौतुक करायचे. सकाळी तिला कणीक मळता यायची नाही, कपडे पिळता यायचे नाहीत, म्हणून आई तिला आळशी म्हणायची.

मी तिला फोन करून सगळं सांगितलं आणि तूही डॉक्टरला दाखव म्हटलं.

"दाखवीन," ती म्हणाली. "पण पहिले तुह्या आईले सांग, मी आळशी नव्हती."