एक नंबर मोठी छत्री

आमच्या घरात कुठलीही वस्तू मापाची घेतलेली मला आठवत नाही. फ्रॉक, चपला, स्वेटर, सगळं एक नंबर मोठं. बाबांनी जबलपूरच्या संरक्षण कारखान्यात जन्मभर ट्रकच्या ताडपत्र्या शिवल्या. कापड कधी कमी पडू द्यायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं.

मी नोकरीला लागून पॅराग्लायडिंग शिकले आणि स्वतःची छत्री मागवायला बसले. एकटीनं उडायची, शिकाऊंच्या वरची, मधल्या पायरीची. बाबा फॉर्म बघून म्हणाले, "मोठीच घे."

"वजनाप्रमाणे घ्यायची असते, बाबा."

"काहून? जास्त कपडा म्हणजे जास्त आधार. पडली-बिडली तर?"

त्यांच्या तोंडून 'पडली' ऐकलं आणि माझं सगळं शिक्षण गळून पडलं. मी मोठी मागवली.

बरगी धरणाकडच्या पडीक शेतात, माझ्या शिक्षकांसमोर, आम्ही ती पसरली. बाबा गुडघ्यांवर बसून शिवणीवरून बोट फिरवू लागले. आत ना काडी, ना तार. पुढच्या कडेला कप्प्यांची उघडी तोंडं, प्रत्येक कप्पा शेजारच्यापेक्षा कणभर वेगळा बेतलेला. दोऱ्या वर जाता जाता सुतळीहून बारीक झालेल्या. मी त्या ओढल्या, वारा आत शिरला आणि मातीतलं ते कापड उठून माझ्या डोक्यावर पंख होऊन उभं राहिलं. बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"ज्यानं हे बेतलं ना, त्याच्या हाताखाली मी झाडू मारला असता."

शिक्षक मात्र सैल दोऱ्या बघत होते. मग म्हणाले, "दीदी, आप इसके लिए हल्की हो." मोठ्या छत्रीखाली हलका माणूस असला की दोऱ्या पुरेशा ताणल्या जात नाहीत, आणि खराब हवेत कापड एका बाजूनं मिटू शकतं. तिला ताठ ठेवतं ते खाली लटकलेलं वजन. बाबांचा चेहरा पडला. मलाही राग आला होता, स्वतःचाच.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला बाजारातल्या धान्याच्या काट्यावर उभं केलं. डोक्यात हेल्मेट, पायात बूट, पाठीवर छत्री आणि तिला लटकायची पट्ट्यांची बैठक. दुकानदार हसून राहिला होता; बाबा नाही. अजून पाच किलो हवे होते. घरी येऊन त्यांनी जुन्या कॅनव्हासची पिशवी शिवली, दुहेरी टाके घालून, आणि नर्मदेची वाळू बरोबर तोलून भरली. माझ्यासाठी त्यांनी मापाचं शिवलेलं ते पहिलंच. शिक्षकांनी पुन्हा वजन पाहिलं आणि मान डोलावली.

टेकडीवरून पाय सुटले तेव्हा मी घाबरले होते. मग वर पाहिलं. छत्री ताठ होती, एकही सुरकुती नाही. खाली धरणाचं पाणी, आणि बैठकीत माझ्या पाठीशी ती वाळू. इतकं सांभाळलेलं मला जमिनीवर कधी वाटलं नव्हतं.

उतरले तेव्हा बाबा धापा टाकत आले आणि आधी पिशवीची शिवण चाचपली.

"सांडली नाही ना?"

"कणभरही नाही, बाबा."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मटकन खाली बसले.